'फ्लाय मी टू द मून': इतिहास, बांधणी आणि मंचावर बसवताना होणाऱ्या चुका

अमृता_पार्ले

पार्ल्यात एका छोट्या सभागृहात जुन्या इंग्रजी प्रेमगीतांचा तिकीट लावून कार्यक्रम होतो आहे. त्यात 'फ्लाय मी टू द मून' नक्की झालंय. संच असा: एक गायिका, कीबोर्ड, बेस गिटार, ड्रम किंवा ऑक्टोपॅड, आणि एक अल्टो सॅक्सोफोन. गायिका शास्त्रीय शिकलेली, इंग्रजी गाण्यांचीही सवय आहे.

निवेदनात गाण्याचा इतिहास सांगायचा आहे आणि त्यात चुकीचं काही जायला नको. जाणकारांना चार गोष्टी विचारते. हे मूळ अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचंच का? वॉल्ट्झमध्ये घ्यावं की स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत? सूर कोणता धरावा? आणि ते चंद्रावर वाजलं होतं, हे कितपत खरं?

गिरगावकर

मूळ सिनात्राचं नाही. त्याच्याकडे येईपर्यंत गाणं दहा वर्षांचं झालं होतं.

शब्द आणि चाल दोन्ही बार्ट हॉवर्डची. जन्म १९१५, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं बर्लिंग्टन. न्यूयॉर्कच्या कॅबरे क्लबांत तो पियानोवर साथ करायचा. मेबल मर्सर या गायिकेची साथ त्याने बराच काळ केली, आणि 'ब्लू एंजल' क्लबमध्ये पियानो आणि निवेदन दोन्ही सांभाळलं. कॅबरे म्हणजे लहान खोली, जवळ बसलेले श्रोते आणि शब्द नीट पोचवणारी गायकी. हे गाणं त्या खोलीसाठी लिहिलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवलं तर ते कसं गावं याचं अर्धं उत्तर मिळतं.

१९५४ साली ते लिहिलं गेलं तेव्हा नाव होतं 'इन अदर वर्ड्स'. क्लबमध्ये ते पहिल्यांदा फेलिशिया सँडर्सने गायलं, पहिली ध्वनिमुद्रिका के बॅलार्ड या गायिकेची, त्याच वर्षी डेका कंपनीची. ताल वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा. सुरुवातीला एक छोटा प्रास्ताविक भागही होता: कवी साधी गोष्ट सांगायला किती शब्द खर्च करतात, अशा अर्थाचा. आता तो फारसा कुणी गात नाही. पण त्याच्यामुळेच 'दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर' ही ओळ नेमकी बसते. आधी चंद्र, गुरू, मंगळ अशी उंच उपमा द्यायची आणि मग साध्या शब्दांत 'हात धर' म्हणायचं, हीच गाण्याची सगळी रचना.

लोक मात्र गाणं पहिल्या ओळीनेच ओळखायचे आणि मागायचे. पेगी लीने १९६० मध्ये 'प्रिटी आइज' या अल्बममध्ये ते घेतलं, एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गायलं, आणि पुढे तिच्याच आग्रहाने हॉवर्डने अधिकृत नाव बदलून 'फ्लाय मी टू द मून' केलं.

सिनात्राचं ध्वनिमुद्रण जून १९६४ चं. सोबत काउंट बेसीचा वाद्यवृंद, अल्बम 'इट माइट अ‍ॅज वेल बी स्विंग', वाद्यसंयोजन क्विन्सी जोन्सचं.

ट्रंपेट_माहीम

उत्तम माहिती. थोडी भर: वॉल्ट्झमधून चार मात्रांत आणण्याचं श्रेय क्विन्सी जोन्सचंच. त्याच्याआधी सगळे तीन मात्रांतच गायचे.

गिरगावकर

@ट्रंपेट_माहीम, हे निवेदनात जायला नको. जो हार्नेलची वाद्यवृंदावरची आवृत्ती १९६२ च्या अखेरीस आली. ती बोसा नोव्हा या ब्राझिलियन ठेक्यात, म्हणजे चार मात्रांतच होती. बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ती १४ व्या क्रमांकापर्यंत गेली आणि तिला नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदासाठीचा ग्रॅमीही मिळाला. गाणं सर्वसामान्य अमेरिकन घरात पोचलं ते हार्नेलमुळे. क्विन्सीचं श्रेय वेगळं आहे, आणि लहान नाही. बेसीच्या वाद्यवृंदाचा स्विंग, मधेच ब्रास विभागाचे (ट्रंपेट-ट्रॉम्बोनचे) नेमके फटके, सॉनी पेनचे ड्रम, आणि या सगळ्यात गायकाला मोकळी जागा. आज जगभर 'मूळ चाल' म्हणून जे डोक्यात असतं ते हेच. १९६६ च्या 'सिनात्रा अ‍ॅट द सँड्स' या थेट कार्यक्रमाच्या अल्बममध्येही हे गाणं आहे, संयोजन-संचालन तेव्हाही क्विन्सीचंच. दोन्ही पाठोपाठ ऐका.

आणखी एक. १९५४ म्हणजे स्पुटनिक आकाशात जायच्या तीन वर्षं आधी. लिहिताना चंद्र फक्त कवीचा होता. अंतराळाचा संदर्भ त्याला साठच्या दशकाने चिकटवला.

डबलबास

इतिहास झाला, आता हाडं बघू. हे गाणं कुठल्याही तालात टिकतं कारण त्याच्या बेसमध्ये मोठी शिस्त आहे. सी म्हणजे पांढरी एकला सा धरा. बार म्हणजे चार मात्रांचा एक खण, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर. पहिल्या आठ बारांचे कॉर्ड असे आहेत, प्रत्येक बारला एक:

ए मायनर सेव्हन, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ मेजर सेव्हन, बी हाफ डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर सेव्हन.

आता फक्त बेसचे मूळ सूर सरगममध्ये म्हणा: ध, रे, प, सा, म, नी, ग, ध.

सातही स्वर एकेकदा येऊन गेले आणि आपण परत धैवतावर. प्रत्येक उडी चौथ्या स्वरावर आहे: ध वरून रे, रे वरून प, प वरून सा, सा वरून म. फक्त 'म ते नी' ही उडी अर्ध्या स्वराने मोठी आहे. ती तशी नसती तर चक्र सात स्वरांत बंद झालंच नसतं, बाराही सूर फिरून यावे लागले असते.

नवशिका बेसवाला इथे मूळ सूर आणि पंचम असं आलटूनपालटून वाजवतो. त्याने गाण्याचं बँडबाजाचं मार्चिंग होतं. चार मात्रांना चार सूर चालवायचे. सोपा नियम: पहिल्या मात्रेला मूळ सूर, मग तिसरा, मग पाचवा, आणि चौथ्या मात्रेला पुढच्या कॉर्डच्या अर्धा स्वर वरचा सूर. म्हणजे असं:

बार १: ध, सा, ग, कोमल ग
बार २: रे, म, ध, कोमल ध
बार ३: प, नी, रे, कोमल रे
बार ४: सा, ग, प, तीव्र म

इथपर्यंत नियम चालतो, पाचव्या बारला अडतो. म, ध, सां वाजवले की चौथ्या मात्रेला हवा असलेला सूर, म्हणजे नी च्या अर्धा स्वर वरचा, तो सां च. दोनदा सां वाजला की चाल थबकते. कारण तीच मोठी उडी. तिथे सरळ उतरा: म, ग, रे, सा, की पुढच्या बारला नी हातात. सहाव्या बारलाही तीच अडचण, म्हणून नी, ध, प, म आणि पुढे ग. सातव्याला पुन्हा नियम लागू: ग, कोमल ध, नी, कोमल नी, आणि आठव्याला ध.

हे आठ बार बेसवाल्याला तोंडपाठ झाले की निम्मं काम झालं.

पांढरीदोन

डबलबास यांनी नेमकं सांगितलंय. कीबोर्डवाल्यासाठी त्याचीच दुसरी बाजू.

सोबत बेस आहे, तेव्हा डाव्या हाताने मूळ सूर वाजवायचाच नाही. दोघांनी खर्जात तेच सूर धरले की नुसता गढूळ आवाज येतो. कॉर्डचे फक्त दोन सूर पुरतात, तिसरा आणि सातवा. आठ बारांना ते असे पडतात:

बार १: प, सां
बार २: म, सां
बार ३: म, नी
बार ४: ग, नी
बार ५: ग, ध
बार ६: रे, ध
बार ७: रे, कोमल ध
बार ८: सा, प

हळू वाजवून बघा. सातव्या बारपर्यंत प्रत्येक वेळी एकच बोट एक पायरी खाली येतं, दुसरं जागेवर. एकदा खालचं, एकदा वरचं. आठव्याला मात्र दोन्ही बोटं उतरतात. सगळं सौंदर्य या उतरणीत आहे. गाण्याची चालही अशीच पायरी पायरीने उतरते, म्हणून आवाज आणि साथ एकमेकांत मिसळतात.

अडचण आठव्या बारला. सुरुवात मधल्या सी च्या आसपास केली असेल तर आठव्या बारपर्यंत हात बराच खाली गेलेला असतो आणि सा-प जोडी बेसच्या अंगावर येते. त्या बारच्या दुसऱ्या अर्ध्यात ए सेव्हन घ्या, म्हणजे प आणि कोमल रे, आणि ते वरच्या जागी घ्या. हात आपोआप वर येतो आणि कोमल रे पुढच्या डी मायनरला खेचतो.

पुढचे आठ बार: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, ए सेव्हन (त्याआधी अर्धा बार ई मायनर सेव्हन घेतला तर छान), डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, आणि सोळाव्या बारला बी हाफ डिमिनिश्ड व ई सेव्हन अर्धा अर्धा, की पुन्हा पहिल्या ए मायनरकडे. असे १६ अधिक १६, एकूण ३२ बारांचं एक आवर्तन. दुसऱ्या सोळाचा शेवट सी वर.

कीबोर्डमधली तयार 'स्विंग' स्टाईल बंद ठेवा. तिच्यातला बेस तुमच्या बेसवाल्याशी भांडतो आणि ड्रमचा ठेका तुमच्या ड्रमवाल्याशी.

अमृता_पार्ले

दोघांचेही आभार. हे सगळं उतरवून घेतलं. आमच्या गायिकेने विचारलंय: रियाज करताना तानपुरा लावला तर चालेल का? आणि सा नेमका कोणता? गाणं ए मायनरने सुरू होतं आणि सी वर संपतं.

मंद्र

चाल बसवताना सा म्हणून सी धरा, पण तानपुरा लावू नका. सातव्या बारला ई सेव्हनमध्ये कोमल धैवत आहे आणि तानपुऱ्याचा पंचम त्याच्या अर्धा स्वर खाली सतत वाजत राहतो. कान तो कोमल ध स्वीकारत नाही, आणि गळा नकळत त्याला ओढून पंचमावर आणतो. सूरपेटीचंही तेच. या गाण्यात आधार सतत हलतो. म्हणून रियाजाला फक्त बेसची ओळ ध्वनिमुद्रित करून घ्या आणि तिच्यावर गा.

गायिकांची सर्वांत जास्त होणारी चूक याच जागी. पहिली ओळ सां नी ध प म, मग प ध सां वरून नी ध प म ग. दुसरी ओळ तोच आकार खाली घेऊन येते: ध प म ग रे, मग ग म ध, आणि पुढे सरळ प नाही, कोमल ध, मग म ग रे सा. आधीच्या उतरणीची सवय लागल्यामुळे गळा तिथे पंचम घेतो. साथीत कोमल ध वाजत असतो आणि दोन्ही सूर एकमेकांवर घासतात. श्रोत्यांना चूक कळत नाही, पण गाणं तिथे 'पडतं'. तेवढाच तुकडा ई सेव्हनवर घोटून घ्या.

दुसरी गोष्ट, हरकती आणि मींड. शास्त्रीय शिकलेला गळा दोन सुरांच्या मध्ये काहीतरी भरतो. इथे सूर सुटा, सरळ लावायचा आणि शब्द बोलल्यासारखा टाकायचा. लांबवलेल्या सुराच्या अगदी शेवटी थोडं कंपन आलं तर पुरे. नक्षीकाम गळ्यात करायचं नाही, लयीत करायचं.

लयीत म्हणजे कसं, तेही सांगतो. सिनात्रा ओळ किंचित उशिरा उचलतो आणि संपवतो मात्र जागेवर. उशिरा उचलून उशिराच संपवली तर ते मागे राहणं झालं. याचा सराव असा: आधी सगळे शब्द मात्रेवर नेमके गा. मग प्रत्येक ओळीचा फक्त पहिला शब्द अर्धी मात्रा उशिरा टाका आणि ओळीच्या शेवटच्या शब्दावर परत मात्रेला या. हे चालू असताना बेसवाल्याने गायिकेच्या मागे जायचं नाही. तो तिच्यासाठी थांबला की संपूर्ण गाणं बसकण मारतं.

ब्रशवाला

लय १२० ठेवा. सिनात्राच्या ध्वनिमुद्रिकेची लय साधारण तीच. हिशेब करून बघा: मिनिटाला १२० मात्रा म्हणजे चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा. ३२ बार गायन, मग वाद्यवृंदाचे १६ आणि पुन्हा गायनाचे १६, असे ६४ बार म्हणजे १२८ सेकंद. वर सुरुवात आणि शेपटी धरली की अडीच मिनिटांच्या आतच संपतं. मंचावर १३५ वर नेलं तर शब्द तुटतात, १०५ वर आणलं तर बेसचे चार सूर पावलं ओढल्यासारखे वाटतात.

स्विंगचा सोपा अर्थ: एका मात्रेचे तीन समान भाग करा, पहिले दोन एका सुराला आणि तिसरा पुढच्याला. पण हे प्रमाण दगडावर कोरलेलं नाही. लय संथ असेल तर फरक जास्त, जलद होत गेली की सूर जवळजवळ समान होतात. १२० वर तिसरा भाग फार ठासून वाजवला की ते स्विंग राहत नाही, शफल होतं.

ड्रमवर: राइड झांजेवर 'डिंग, डिंग-ग, डिंग, डिंग-ग'. डाव्या पायाने हाय-हॅट, म्हणजे पेडलवरची झांजांची जोडी, २ आणि ४ ला मिटायचा, आणि तो कधीही चुकू द्यायचा नाही. बास ड्रम चारही मात्रांना इतका हलका की ऐकू न येता जाणवेल. स्नेअरवर २ आणि ४ ला जोरात काठी मारलीत की गाणं रॉकच्या अंगाने गेलं. पहिलं आवर्तन ब्रशने, वाद्याच्या भागाला काठ्या, ही वाटणी चांगली दिसते.

ऑक्टोपॅड असेल तर: हाय-हॅटचा पेडल जोडाच, पॅडवर हाताने हाय-हॅट मारल्यावर राइडला हात उरत नाही. राइडचा आवाज लांब रेंगाळणारा निवडू नका, १२० वर सगळे फटके एकात एक मिसळतात. आणि प्रत्येक फटका सारख्याच जोराने पडला की यंत्र वाटतं, 'ग' मुद्दाम हलका मारा.

श्रोते टाळ्या १ आणि ३ ला देतात. त्यांच्यामागे जाऊ नका. ड्रमवाल्याने त्या वेळी २ आणि ४ चा हाय-हॅट थोडा वाढवला की बहुतेक वेळा टाळ्या आपोआप सरकतात.

ट्रंपेट_माहीम

हार्नेलबद्दलची दुरुस्ती मान्य. मग दुसऱ्या फेरीला बोसा नोव्हा घ्यायला काय हरकत आहे? पहिलं आवर्तन स्विंग, दुसरं बोसा.

ब्रशवाला

घेता येईल, पण सर्वांनी एकाच बारला बदललं पाहिजे. बोसामध्ये मात्रेचे दोन समान भाग असतात, तीन नाहीत. कीबोर्ड समान वाजवतोय आणि राइडवर अजून 'डिंग-ग' चालूच आहे, अशी दोन बारांची गडबडही कानाला लगेच टोचते. बेसलाही चार सूर सोडून १ आणि ३ वर यावं लागतं. बदलायच्या आधीच्या बारला ड्रमने चार सरळ फटके द्यावेत, बाकीचे गप्प. तालमीत फक्त तो एक बार आणि पुढचे दोन, एवढंच दहा-पंधरा वेळा करा.

माझं मत विचाराल तर एकाच गाण्यात दोन्ही करू नका. ज्याला बोसा आवडतो त्याने संपूर्ण गाणं बोसात करावं. अ‍ॅस्ट्रुड जिल्बर्टोने तेच केलंय.

अल्टोवाली

सूर ठरवताना सॅक्सोफोनवाल्याला विसरू नका. अल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे, म्हणजे वादकाने सी वाचून वाजवला की ऐकू येतो ई फ्लॅट. संच सी मध्ये असेल तर अल्टोला ए मेजर वाचावं लागतं, तीन शार्प (चढे सूर). हे चालतं.

पहिल्या आठ बारांत चाल तार सा पासून मध्य सा पर्यंत पूर्ण सप्तक उतरते. गायिकेला पहिला सूर बोलण्याच्या आवाजात सहज लागायला हवा. सी वर तो ताणला जात असेल तर लोक पटकन 'पांढरी सहा घेऊ' म्हणतात. ए मध्ये अल्टोला सहा शार्प येतात आणि सोलोचा विचका होतो. त्यापेक्षा काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट घ्या. गायिकेला ए पेक्षा फक्त अर्ध्या स्वराचा फरक, अल्टोला जी मेजर, एकच शार्प. मात्र खालचा सा सी पेक्षा एक पूर्ण स्वर खाली जाईल, पहिल्या आठ बारांचा शेवटचा शब्द तिथे पडतो, तो ऐकू येतोय ना ते ध्वनिक्षेपकावर तपासा.

सोलो फक्त १६ बारांचा ठेवा आणि त्यातले पहिले आठ बार मूळ चालीच्या जवळ राहा. शब्दांच्या मध्ये भरताना ओळ संपल्यानंतरच्या जागेत वाजवा, ओळीवर कधीही नाही. कॉर्डची पानं हवी असतील तर धोबी तलावला जेर महालमध्ये फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात गाण्यांची पुस्तकं मिळतात. घेतल्यावर आधी सातव्या बारचा सूर आणि सोळाव्या बारचे कॉर्ड तपासा. सोप्या केलेल्या आवृत्त्यांत हेच गाळलेलं असतं.

कोकणकडा

चंद्राचं राहिलं. सिनात्राचं हे ध्वनिमुद्रण मे १९६९ मध्ये अपोलो १० चं यान चंद्राभोवती फिरत असताना छोट्या कॅसेट यंत्रावर वाजलं होतं. हे निवेदनात बिनधास्त घ्या. जुलैमध्ये अपोलो ११ च्या बझ ऑल्ड्रिनने ते प्रत्यक्ष चंद्रावर वाजवलं, ही गोष्ट क्विन्सी जोन्स सांगत असत. घ्यायचीच तर 'जोन्स सांगत' असं म्हणूनच घ्या. नील आर्मस्ट्राँगने सोबत नेलेलं संगीत वेगळंच होतं, 'म्युझिक आउट ऑफ द मून' नावाचा थेरेमिन या हात न लावता वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा १९४७ चा अल्बम.

आर्मस्ट्राँगशी या गाण्याचा खरा संबंध पुढे आला. सप्टेंबर २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये त्याच्या स्मरणसभेत जॅझ गायिका डायना क्रॉलने ते पियानोवर अगदी संथ गायलं. स्विंग नाही, ब्रास नाही. तेव्हा कळतं की हॉवर्डने लिहिलेलं मूळ गाणं किती शांत आहे.

नव्या पिढीला ते जपानी 'इव्हँजेलियन' मालिकेमुळे माहीत आहे. १९९५ पासून तिच्या भागांच्या शेवटी याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वाजायच्या. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ती मालिका आली तेव्हा बऱ्याच देशांत गाणं काढून टाकलेलं होतं आणि चाहते नाराज झाले. कोरियन 'स्क्विड गेम'मध्येही ते आहे. तुमच्या प्रेक्षकांत कॉलेजची मुलं असतील तर हा उल्लेख जरूर करा.

नियमवही

तिकीट लावताय म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. बार्ट हॉवर्ड २००४ मध्ये वारला. आपल्या कायद्यात लेखक-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात, म्हणजे २०६४ च्या अखेरपर्यंत. जाहीर कार्यक्रमात हे गाणं गायचं तर आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना हवा. त्यांचं कार्यालय मुंबईतच आहे. अर्ज करताना सभागृहाची आसनसंख्या, तिकिटाचा दर आणि गाण्यांची यादी तयार ठेवा. अर्ज कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करू नका. लग्नसमारंभातल्या गाण्याला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती तिकिटाच्या कार्यक्रमाला लागू नाही.

कार्यक्रमाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकणं ही वेगळी परवानगी. मंचाच्या परवान्यात ती येत नाही.

अमृता_पार्ले

परवान्याचं लक्षातच नव्हतं, उद्याच पाहते. निवेदनात मुंबईचा धागा जोडता येईल का? लोकांना वाटतं जॅझ म्हणजे आपल्याकडे कालपरवा आलेली चीज.

गिरगावकर

जोडाच. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद आला, त्याच्या मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. त्या मंचाभोवती गोव्याचे वादक घडले. त्यांना लहानपणापासून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता यायची, म्हणून ते रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवू शकले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हे त्यातलं मोठं नाव. आपल्या सी. रामचंद्रांसोबत त्यांनी काम केलं, आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तर ते वाद्यवृंदासकट पडद्यावर दिसतात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर आणि गोव्याचा ट्रंपेटवाला मिळून मुंबईत स्विंग वाजवत होते, आणि तेव्हा हॉवर्डने हे गाणं लिहायला अजून तीन वर्षं होती. वाद्यसंयोजनात सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांची नावं घ्या. या लोकांची नावं श्रेयनामावलीत फारशी येत नसत, मंचावरून तरी यावीत.

१९७८ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेही सांगा. पण निवेदन दीड मिनिटाच्या आत. गाणंच अडीच मिनिटांचं आहे.

डबलबास

शेवट कसा करणार ते ठरवलंत का? बऱ्याच संचांचं गाणं ३१ बारपर्यंत छान जातं आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

शेवटची ओळ तीनदा घ्या. पहिल्यांदा ती डी मायनर सेव्हन, जी सेव्हनवर संपत आली की सी वर न जाता ई मायनर सेव्हन, ए सेव्हन घ्या. परत डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, पुन्हा ई मायनर सेव्हन, ए सेव्हन. तिसऱ्यांदा सी. सा ची अपेक्षा दोनदा टाळली जाते, म्हणून तिसऱ्यांदा तो गोड लागतो. गायिकेने दुसऱ्या वेळी आवाज कमी करावा, तिसऱ्या वेळी शब्द जवळजवळ बोलावेत. शेवटच्या सी वर ड्रमने मोठा धडाका करू नये. हाय-हॅट मिटायचा, बेसचा एक सूर, झालं.

खूण कुणाची ते आधीच ठरवा. कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात अडकलेले, अल्टोवाल्याच्या तोंडात वाद्य. म्हणून खूण गायिकेची. ३० व्या बारला हात वर केला की शेपटी घ्यायची, नाही केला तर आणखी एक आवर्तन. तालमीत दोन्ही शक्यता वाजवून ठेवा.

अमृता_पार्ले

ठरलं. सूर काळी पाच, लय १२०, संपूर्ण स्विंग, सोलो १६ बार, शेवटची ओळ तीनदा, खूण गायिकेची. रविवारच्या तालमीला आधी फक्त बेस आणि गायिका, पहिले आठ बार. सातव्या बारचा कोमल ध पक्का झाला की बाकीचे येतील.